येऊ दे म्हणजे कुणाला?

दामलेबाई देवळात कधी गेल्या नाहीत, पण गाडीला प्रदक्षिणा घातल्याशिवाय गाडीतही कधी बसल्या नाहीत. जपानमधल्या त्सुकुबात राहायला आल्यावर पहिल्याच रविवारी सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये मी हा सोहळा पाहिला. सत्तरीला टेकलेली किरकोळ अंगाची बाई, पंजाबी ड्रेसवर पुरुषी जाकीट, पायात इथले शेतकरी घालतात तसले गमबूट. समोर पावाच्या लादीला चार चाकं लावावीत तशी एक राखाडी गाडी. बाईंनी प्रत्येक चाकाला बुटाच्या टोकाने एकेक ठोकर दिली, मागे जाऊन ओणव्या झाल्या, गाडीच्या पोटाखाली बॅटरी मारली आणि उठून समाधानाने स्वतःशीच म्हणाल्या, "गळतंय."

परक्या मुलखात अचानक मराठी कानावर पडलं की माणूस वेड्यासारखा पुढे होतो. मीही झालो. "काय गळतंय?" असं विचारलं.

"तेल," बाई म्हणाल्या. समोरचा मराठी निघाला याचं त्यांना काहीच वाटलं नाही. "गळतंय म्हणजे आहे. गळायचं थांबलं की काळजी करायची." मग मला नखशिखान्त न्याहाळून म्हणाल्या, "तू कोण? आणि माझ्या गाडीकडे कशाला बघतोस?"

मी निनाद, नाशिकचा, इथल्या एका संशोधन संस्थेत पोस्टडॉक म्हणून आलोय, डोंगरउतारांची माती घसरते त्यावर काम करतो, हे सगळं मी सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं, पण विश्वास ठेवला असं काही वाटलं नाही. नाशिकमध्ये कुठे, कुठलं कॉलेज, मार्गदर्शक कोण, अशी उलटतपासणी झाली. शेवटी "बघू" एवढंच म्हणून त्या निघून गेल्या. गाडीचा आवाज चौकापलीकडे गेला तरी ऐकू येत होता.

पुढे कळलं की या डॉ. शरयू दामले. माझ्या जन्माच्या सुमारास त्या संशोधनासाठी जपानला आल्या आणि इथल्याच झाल्या. त्यांचा विषय चाक आणि चिखल. कुठलं चाक कसल्या चिखलात किती रुतेल, हे त्यांनी आयुष्यभर मोजलं. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर भातशेतीच्या कडेला एक जुनं घर भाड्याने घेऊन एकट्या राहायच्या. आमच्या मराठी मंडळात त्यांना पाठीमागे सगळे 'शंकासुर' म्हणत. नाव ठेवणाऱ्यांचा दोष नव्हता. मंडळाच्या जेवणात बाई प्रत्येक भांड्याचं झाकण उचलून आधी वास घेत आणि मग, "श्रीखंडाचं दही कुठलं? आणि टांगलं होतं की नुसतं गाळलं?" असं करणारीच्या तोंडावर विचारत. हवामानखात्याने ऊन सांगितलं की त्या छत्री घेऊन निघत. कुणी म्हटलं, "बाई, थोडा भरवसा ठेवा की," तर उत्तर ठरलेलं होतं. "भरवसा? देवळाबाहेर चपला काढताना तरी ठेवतोस का?"

आणि त्यांच्यावरही कुणाचा भरवसा नव्हता. सगळ्या जगाने नवलाने बघावं अशा गाड्या बनवणाऱ्या देशात ही बाई रशियन गाडी कशाला चालवते? मंडळात याची तीन-चार उत्तरं होती. कुणी एक रशियन गृहस्थ होते म्हणे, त्यांची ही आठवण. कुणी म्हणे, बाईंचं संशोधन दिसतं तेवढं साधं नव्हतं. ज्यांना काहीच सुचत नसे ते नुसतंच अर्थपूर्ण हसत. खरं सांगायचं तर तेव्हा मीही हसायचो. रशियाचं युद्ध सुरू झाल्यावर तर एकदा चौकीतला पोलीस बाईंच्या दारात येऊन, कमरेत वाकून, गाडीबद्दल चौकशी करून गेला. बाई त्याच्यावर भलत्याच खूश. त्याला चहा पाजला, गाडीखाली ओणवं व्हायला लावून सगळं दाखवलं. "गावात एक तरी माणूस नीट शंका घेतो," म्हणाल्या.

गाडीची खरी हकिकत साधी होती. बाईंच्या संस्थेने चिखलातल्या प्रयोगांसाठी ती मागवली होती. प्रयोग संपला तेव्हा ती भंगारात निघाली, म्हणून बाईंनी घेतली. रशियात तिला लाडाने 'बुखान्का' म्हणतात, म्हणजे पाव. रस्त्यात जपानी पोरं तिला बघून 'शोकुपान!' ओरडत, म्हणजे पुन्हा पावच. आम्ही 'लादी' म्हणायचो. तीन भाषांचं इतकं एकमत मी दुसऱ्या कशावर पाहिलेलं नाही.

प्रयोगांच्या निमित्ताने बाई एकदा सैबेरियाकडे जाऊन आल्या होत्या. तिकडे बर्फ वितळायला लागलं की रस्ते चिखलात जातात. वर्षाचा तेवढा काळ रस्ता असा नसतोच, आणि त्या ऋतूला त्यांच्या भाषेत वेगळं नाव आहे. "आपल्याकडे आंब्याचा असतो ना, तसा त्यांच्याकडे रस्ते नाहीसे व्हायचा सीझन," बाई सांगायच्या. "ही गाडी बनवणाऱ्याने आधी विचारलं, रस्ताच नसला तर? म्हणून चारही चाकांना जोर दिला. मग विचारलं, थंडीत बॅटरी मेली तर? म्हणून पुढून हँडल घालून फिरवायची सोय ठेवली. बाहेर उतरून दुरुस्ती करताना बोटं गळून पडली तर? म्हणून इंजिन दोन सीटच्या मध्येच आणून ठेवलं. एक टाकी फुटली तर? दुसरी दिली. संशयी माणसांनी बनवलेली गाडी आहे रे ही. म्हणून मला आवडते." मग नाक मुरडून म्हणायच्या, "तुमच्या जपानी गाड्या लबाड. कधीच काही होत नाही त्यांना. ज्या दिवशी होईल त्या दिवशी तुम्हाला काही सुचणार नाही."

माझी त्यांच्याशी खरी गाठ पडली ती परवान्यापायी. आंतरराष्ट्रीय परवान्यावर मी वर्षभर गाडी चालवली. त्याची मुदत संपली, तेव्हा भारतीय परवाना दाखवून जपानी घ्यायचा तर गाडी चालवून दाखवावी लागेल असं कळलं. मी म्हटलं, त्यात काय! कसारा घाट रात्री-अपरात्री पार केलेला माणूस मी. परीक्षेच्या मैदानावर आडोशाचं वळण आलं आणि मी सवयीने सणसणीत हॉर्न दिला. आमच्याकडे घाटाच्या वळणावर हॉर्न न देणाऱ्याला लोक शिव्या घालतात. इथे शेजारी बसलेला परीक्षक सीटवरून उडाला. नापास. पुढच्या वेळी हॉर्नला हात लावला नाही, तरी नापास. परीक्षक हळहळून एकच शब्द म्हणायचा, "काकुनिन." मला आधी वाटलं कुठल्या काकूंचं नाव घेतोय. त्याचा अर्थ खात्री करणं. वळायच्या आधी मान वळवून बघितलं नाही, दार उघडायच्या आधी मागे बघितलं नाही, आरशावर विसंबलो. थोडक्यात, संशय कमी पडला.

"मग दामलेबाईंकडे जा," माझी बायको मुग्धा म्हणाली. "संशयाची डॉक्टरेट तिथेच आहे."

बाईंनी ऐकून घेतलं. "नाशिकला कसा मिळाला परवाना?"

"गाडी पुढे नेली, मागे आणली."

"म्हणजे तुला गाडी हलवता येते. चालवता येत नाही. शनिवारी ये. आणि चालवायचं मनात आणू नकोस, आधी नुसतं बसायला शीक."

लादीत बसणं सोपं नव्हतं. जपानमध्ये आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, त्यामुळे इथल्या गाड्यांचं स्टिअरिंग उजवीकडे असतं. लादीचं डावीकडे. बाई बसणार रस्त्याच्या कडेला आणि शेजारचा माणूस रस्त्याच्या मध्याकडे. पुढच्या वाहनाला ओलांडायचं तर समोरून काय येतंय ते शेजारच्याला आधी दिसणार. उजव्या सीटवरचा माणूस हा बाईंचा डोळा. दर शनिवारी मी डोळा म्हणून बसू लागलो. मधल्या इंजिनाची ऊब डाव्या मांडीला लागायची, थरथर दाढेपर्यंत पोचायची, आणि त्या खडखडाटावर आवाज चढवून बाई विचारायच्या, "काय दिसतंय?"

"क्लिअर आहे."

"क्लिअर कुणाला दिसत नाही. काय दिसतंय?"

"रस्ता."

"कसला?"

"ओला. पुढे पूल आहे. पुलापलीकडे एक सायकल."

"हां. आता बोललास. हे बघ निनाद, जा म्हणायचं नाही, थांबा म्हणायचं नाही. दिसतं ते सांगायचं. करायचं काय, ते मी ठरवीन."

हा त्यांचा नियम. मला पहिल्यांदा राग यायचा. नंतर सवय झाली आणि त्याहीनंतर गंमत वाटू लागली. कडेला उभ्या गाडीचा ब्रेकचा दिवा विझला तर आत माणूस आहे. फाटकाबाहेर चेंडू पडलाय तर मूल जवळपास आहे. तासाभराने घरी आल्यावर मुग्धाने चहा पुढे केला तरी मी आधी बशीला तडा आहे का ते बघायचो.

मग ते 'येऊ दे' झालं. उत्तरेकडच्या डोंगरात, जिथे माझ्या संस्थेची मापनयंत्रं बसवली आहेत, तिथल्या अरुंद रस्त्याने आम्ही चाललो होतो. पुढे रस्त्याच्या दुरुस्तीचा ट्रक उभा. त्याला उजवीकडून वळसा घालून जायचं होतं. बाईंना समोरचं काही दिसणं शक्य नव्हतं. मला दिसलं, ओंडके लादलेला एक ट्रक उतारावरून खाली येत होता. मला सांगायचं होतं की आधी त्याला येऊ दे. मी म्हणालो, "येऊ दे, येऊ दे!"

आता मराठी माणसाला गाडीत 'येऊ दे, येऊ दे' म्हटल्यावर काय ऐकू येतं? कुठल्याही सोसायटीचा वॉचमन, कुठल्याही लग्नाच्या हॉलबाहेरचा हौशी मामा, गाडी मागे घेणाऱ्याला हात हलवून हेच सांगतो. येऊ दे, येऊ दे, म्हणजे बिनधास्त ये. दुसरा कुणीही असता तर त्याने ॲक्सिलरेटर दाबला असता. बाईंचा पाय क्लचवरच राहिला. माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "कुणाला? मला की त्याला?"

उत्तर द्यायची वेळच आली नाही. ओंडक्यांचा ट्रक आमच्या पुढ्यातून असा गेला की लादीच्या काचा वाजल्या. बाईंनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. त्या एखादा चांगला नमुना सापडल्यासारख्या खुलल्या होत्या. "बघ. आपल्या भाषेतसुद्धा भरवसा ठेवायची सोय नाही. ये म्हणायला आणि थांब म्हणायला तोच शब्द! आजपासून 'येऊ दे' गाडीत बंद."

त्या दिवशी माझ्या मनातलं त्यांच्याबद्दलचं हसू संपलं. त्या बाईने एका शब्दावर संशय घेतला म्हणून आम्ही दोघं जिवंत होतो. पुढच्याच परीक्षेत मी मान अशी काही गरागरा फिरवली की परीक्षक मलाच म्हणाला, हळू. पण पास केलं. बाईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, "नक्की तुझंच नाव पुकारलं ना? पुन्हा विचारून ये."

परवाना मिळाला तरी माझे शनिवार सुटले नाहीत. बाईंनी बोलवायचं आणि मी जायचं. आणि इथूनच मला एक वेगळा संशय येऊ लागला.

लादीच्या उजव्या अंगावर ओरखडे उठत होते. बाई रोज प्रदक्षिणा घालत, त्यामुळे प्रत्येक नवा ओरखडा त्यांना लगेच कळे. त्यांचा संशय शेजारच्या ओनो-सानवर होता. मग पेपरवाल्यावर. मग कचऱ्याच्या गाडीवर. "कुणीतरी घासतंय मुद्दाम. रशियन आहे ना गाडी," त्या म्हणायच्या. मी एकदा वाकून नीट बघितलं. ओरखड्यांत हिरवा रंग होता, आणि बाईंच्या फाटकाचा उजवा खांब हिरवा होता. पुढे चहा देताना लक्षात आलं की कप त्यांच्या उजव्या हाताशी ठेवला तर त्या 'दिलास का?' असं विचारतात. मंडळाच्या जेवणात त्या नेहमी उजवीकडे भिंत घेऊन बसतात. आणि रस्ता सरळ, मोकळा, लख्ख उन्हातला असला तरी विचारतात, काय दिसतंय?

"त्यांना उजवीकडचं दिसत नाहीये," मी मुग्धाला म्हणालो. "आणि त्यांना ते माहीत आहे. मला शिकवायच्या नावाखाली डोळा म्हणून वापरतायत."

"मग विचार ना सरळ."

सरळ कसं विचारायचं? सत्तरी उलटली की इथे परवाना नवा करताना बाजूची नजरही तपासतात, आणि बाईंची ती तपासणी जवळ आली होती. पुण्याहून त्यांचा भाचा दर आठवड्याला फोन करायचा, "आत्या, आता पुरे, इकडे या." वरची खोली रंगवून ठेवली होती, लिफ्ट होती, कामाला मावशी होत्या. बाई फोन ठेवून म्हणायच्या, "हातात स्टिअरिंग आहे तोवर मी इथे माणूस आहे. ते सुटलं की पार्सल. कुणीतरी पाठवायचं, कुणीतरी उतरवून घ्यायचं, सांभाळून हां, वरची बाजू वर." त्या हसत सांगायच्या, पण मला हसू येत नसे. त्यांना जगात दुसऱ्या कशाचीही भीती वाटताना मी पाहिलं नव्हतं. मी बोललो तर त्यांचं पार्सल होणार होतं. नाही बोललो तर एखाद्या शनिवारी मी नसताना त्या कुणाच्या तरी अंगावर गाडी घालणार होत्या. मी आठवडेच्या आठवडे गप्प बसलो आणि मनातून त्यांच्यावर चिडत राहिलो.

शरद ऋतूतली दुपार होती. डोंगरातून परतताना पायथ्याच्या गावात पांढऱ्या पट्ट्यांपाशी बाई नेहमीसारख्या थांबल्या. मी थर्मासचं झाकण लावत होतो. उजवीकडून एक आजी ढकलगाडी लोटत पट्ट्यांवर आल्या. डोक्यावर पांढरी टोपी, उन्हात चमकणारी ढकलगाडी, आणि लादीची काच एवढी रुंद की त्यांच्या मागचं पर्सिमनचं फळझाडही पूर्ण दिसावं. बाईंनी गिअर टाकला. गाडी हलली.

"थांबा!" मी ओरडलो.

लादी आचका देऊन बंद पडली. आजी दचकल्या आणि जणू चूक त्यांचीच होती अशा दोनदा वाकून, माफी मागून, पलीकडे गेल्या.

"थांबा म्हणायचं नाही असं ठरलंय आपलं," बाई म्हणाल्या. पण आवाज बारीक झाला होता. "कुठून आल्या त्या?"

"उजवीकडून."

"एकदम?"

"नाही. आपण थांबलो तेव्हापासून येतच होत्या."

बाईंनी गाडी कडेला घेतली. दोन्ही हात स्टिअरिंगवरच ठेवून समोर बघत त्यांनी विचारलं, "काय दिसतंय तुला?"

मला कळलं की हा रस्त्याचा प्रश्न नाही. पण नियम त्यांचाच होता, त्याचाच आधार वाटला. "गाडीच्या ओरखड्यांना तुमच्या फाटकाचा हिरवा रंग लागलाय," मी म्हणालो. "कप उजवीकडे ठेवला की तुम्हाला सापडत नाही. आत्ताच्या आजी तुम्हाला दिसल्या नाहीत. मला एवढं दिसतंय, बाई. करायचं काय ते तुम्ही ठरवा."

मला वाटलं होतं, त्या आता रागावतील, नाहीतर कबूल करतील. त्यांनी दोन्हीपैकी काही केलं नाही. वळून मला म्हणाल्या, "बोट धर. माझ्या नाकासमोर. आता हळूहळू उजवीकडे ने. मी समोरच बघणार."

मी बोट नेऊ लागलो. "दिसतंय," त्या म्हणाल्या. "दिसतंय. दिसतंय. काढलंस का?"

बोट तिथेच होतं. फार लांब गेलंही नव्हतं.

"काढलं नाही, बाई."

"पुन्हा."

पुन्हा तेच झालं. त्यांनी एक डोळा झाकून बघितलं, मग दुसरा झाकून. प्रत्येक वेळी "पुन्हा" म्हणत होत्या, जन्मभर चिखलात चाकं बुडवून मोजताना म्हणाल्या असतील तशाच. शेवटी माझं बोट त्यांनी स्वतःच चाचपून, धरून, खाली ठेवलं. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की यांना माहीत नव्हतं. मी ज्याला लबाडी समजून आठवडेच्या आठवडे धुमसत होतो, ती लबाडी नव्हतीच.

"सगळ्या जगावर संशय घेतला रे," बाई म्हणाल्या. "बघणारीवर घ्यायचा राहिला."

मला रडू आलं. त्यांना आलं नाही. त्यांनी मान पुरती वळवून मागे बघितलं, दार उघडलं, खाली उतरल्या आणि गाडीला प्रदक्षिणा घातली. उजव्या बाजूला येऊन ओरखड्यांवरून तळवा फिरवला. "बिचारा ओनो-सान," म्हणाल्या, आणि माझ्या बाजूचं दार उघडलं. "सरक. परवाना आणला आहेस ना? दाखव."

मी परवाना दाखवला. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला आणि मग मी डावीकडे गेलो.

लादी मी पहिल्यांदाच चालवत होतो. क्लच दगडासारखा, स्टिअरिंग अर्धी वीत फिरवलं तरी गाडीला पत्ता नाही. भातशेतीतल्या पहिल्या चौकात मी थांबलो. खरं तर मला सगळं दिसत होतं. तरी विचारलं, "काय दिसतंय?"

त्या सावरून बसल्या. "डावीकडे पाणी सोडायचा पाट आहे. समोर रस्ता कोरडा. लांब एक पांढरी व्हॅन, उभी. उजवीकडे..." इथे त्या थांबल्या. भरवसा नाही, हे मी त्यांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलं होतं. आता त्या म्हणाल्या, "उजवीकडचं मला माहीत नाही." मी तिकडे बघून घेतलं तेव्हा पुन्हा बोलल्या. "नियम अर्धाच होता बघ. दिसतं ते सांगायचंच. पण कुठलं दिसत नाही तेही सांगायचं."

डॉक्टर काचबिंदू म्हणाले. नजर कडेने जात राहते आणि माणसाला कळत नाही, कारण गेलेल्या जागी अंधार दिसत नाही, मेंदू आजूबाजूचा रस्ता ओढून तिथे पसरतो. गेलेली नजर परत येणार नव्हती, उरलेली सांभाळायची होती. बाहेर येऊन बाई म्हणाल्या, "परीक्षेत असायच्या ना, गाळलेल्या जागा भरा. मी भरत बसले. कोऱ्या सोडायला हव्या होत्या." तपासणीची वाट न बघता त्यांनी आपण होऊन परवाना परत केला. इथे त्या जुन्या परवान्याला भोक पाडून तो आठवण म्हणून हातात देतात. बाईंनी भोकाकडे, मग खिडकीतल्या मुलीकडे बघितलं आणि तो आपलाच आहे ना, याची खात्री करून घेतली. ओनो-सानकडे त्या मिठाईचा खोका घेऊन गेल्या. त्याला कारण कळेना. खोका दोन दिवस त्याने उघडलाच नाही म्हणे. "शिकतोय," बाई म्हणाल्या.

त्या हिवाळ्यानंतर त्या पुण्याला गेल्या. भाच्याने बोलावलं म्हणून नाही, डोळ्यांत थेंब इथे रोज कुणी घालायचे हा विचार करून, स्वतः ठरवून. विमानतळावर व्हीलचेअर घेऊन आलेल्या मुलीला त्यांनी बॅग दिली आणि आपण चालत गेल्या. माझी निरोपाची तयारी होती, पण त्या एवढंच म्हणाल्या, "लादीचं तेल बघत जा." मला फार वाईट वाटत होतं. बाईंनी ज्याची भीती घेतली होती तेच मी त्यांच्या हातात दिलं असं घरी येईपर्यंत वाटत राहिलं. लादी आता माझ्याकडे आहे. सुटे भाग रशियाहून येत नाहीत, गावातल्या लेथवाल्याकडून घडवून घ्यावे लागतात. मी निघायच्या आधी ओणवा होऊन बॅटरी मारतो. मंडळात मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे.

गेल्या महिन्यात फोन केला तेव्हा बाई भाच्याच्या गाडीत होत्या, पुढच्या सीटवर. भाचा सोसायटीतून गाडी मागे घेत होता. बाई मला डॉक्टरांबद्दल सांगत होत्या, पुण्यातल्या डॉक्टरांवरही त्यांचा भरवसा नव्हताच. तेवढ्यात बाहेरून वॉचमनचा आवाज आला, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या..."

बाईंचं बोलणं तुटलं. काच खाली करायचा आवाज आला.

"ओ दादा! येऊ द्या म्हणजे कुणाला? आम्हाला की मागच्याला? काय दिसतंय ते नीट सांगा!"

मग वॉचमनचा गोंधळलेला, खालच्या पट्टीतला आवाज आला, "टेम्पो येतोय, आजी."

मी त्सुकुबातल्या पार्किंगमध्ये लादीला टेकून फोन कानाला तसाच धरून उभा होतो. कित्येक दिवसांनी मला बरं वाटलं. पार्सल असं विचारत नाही.